वेगाचा ताप

मोटारीला वेग देणें हें एक काम. दिलेला वेग हवा त्या क्षणीं परत घेणें हें दुसरें. आणि ह्या देण्याघेण्यांत जी उष्णता निर्माण होते तिचा निचरा करणें हें तिसरें. पहिल्या कामाची कीर्ति सर्वत्र गाइली जाते. जाहिरातींत अश्वशक्तीचे आंकडे ठळक अक्षरांत छापतात आणि हौशी मंडळींच्या बैठकींत त्याच आंकड्यांवर पैजा लागतात. तिसऱ्या कामाचें नांव मात्र सहसा कोणी काढीत नाहीं. परंतु शर्यतीच्या धांवपट्टीवर ज्यांनीं मोटारी चालविल्या आहेत ते सांगतील कीं, गाडी हरते ती बहुधा शक्तीच्या अभावीं नव्हे. ती तापानें हरते. हें म्हणणें कसें खरें आहे आणि जुन्या दणकट मोटारीला त्या तापांतून सोडविण्याची रीत कोणती, हें समजून घेण्यास अमेरिकेंतील ‘मसल कार’ ह्या जातीच्या गाड्यांइतकें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

‘मसल कार’ म्हणजे शब्दशः स्नायूंची मोटार. मध्यम आकाराचा साधा सांगाडा आणि त्यांत मोठ्या गाडीचें आठ सिलिंडरांचें इंजिन, असा हा संयोग. १९६४ सालीं जनरल मोटर्सच्या पॉन्टिअ‍ॅक विभागानें ‘जी. टी. ओ.’ ही गाडी काढली, तेव्हांपासून ह्या जातीचा जोर झाला असें सामान्यतः मानतात. तिच्या इंजिनाचें आकारमान ३८९ घन इंच, म्हणजे सुमारें ६.४ लिटर होतें आणि कारखान्याच्या मोजणीप्रमाणें त्याची शक्ति कमींत कमी ३२५ अश्वशक्ति होती. त्याच वर्षाच्या १७ एप्रिल रोजीं फोर्ड कंपनीची ‘मस्टँग’ प्रकट झाली आणि १९६६ मध्यें शेव्हरोलेची ‘कॅमॅरो’ तिच्या स्पर्धेला उतरली. ह्या दोन्ही गाड्या आकारानें लहान. तरी मोठें इंजिन घेतलेल्या त्यांच्या नमुन्यांची गणना ह्याच कुळांत होते.

ह्या कुळाचा आवडता खेळ म्हणजे पाव मैलाची, सुमारें ४०२ मीटरांची, सरळ दौड. ती चौदा-पंधरा सेकंदांत आटोपते. तेवढ्या अवधींत पाणी उकळत नाहीं, टायर फारसे तापत नाहींत, आणि ब्रेक तर दौड संपल्यावर एकदांच दाबावा लागतो. पहिल्या जी. टी. ओ. ला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. पुढील चाकांसाठीं डिस्क ब्रेक मागून घेण्याची सोय १९६७ च्या नमुन्यापासून झाली. सरळ दौडीला जें पुरेसें होतें तें वळणावळणाच्या शर्यतीला मात्र अगदींच अपुरें होतें. १९६६ सालीं अमेरिकेंत ‘ट्रान्स-अ‍ॅम’ ही शर्यतमालिका सुरू झाली, तेव्हां कारखानदारांनाही हें उमगलें. त्या मालिकेंतील पांच लिटरांची मर्यादा डोळ्यांपुढें ठेवून शेव्हरोलेनें ‘झी-२८’ हा कॅमॅरोचा खास नमुना तयार केला. त्यांत ३०२ घन इंचांचें इंजिन होतें, पण त्याबरोबर पुढील डिस्क ब्रेकही घेणें भाग होतें. १९६८ आणि १९६९ ह्या दोन्ही वर्षीं मार्क डॉनह्यू ह्या चालकाच्या कॅमॅरोनें ती मालिका गाजविली.

आज ह्या जुन्या गाड्यांचे हौशी मालक आठवडाभर त्या रस्त्यावर चालवितात आणि सुट्टीच्या दिवशीं शुल्क भरून शर्यतीच्या धांवपट्टीवर नेतात. विस्कॉन्सिन राज्यांत १९५५ सालीं बांधलेली ‘रोड अमेरिका’ ही अशीच एक धांवपट्टी आहे. तिचा एक फेरा सुमारें साडेसहा किलोमीटरांचा, त्यांत चौदा वळणें आणि मधून मधून लांबलचक सरळ भाग. तेथें वीस मिनिटें गाडी पळविणें म्हणजे तिचें इंजिन, तिचे ब्रेक आणि तिचे टायर ह्या तिघांची एकदम परीक्षा घेणें होय.

प्रथम इंजिनाचा ताप घेऊं. पेट्रोल जळून जी ऊर्जा मिळते तिचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा कामीं येतो. बाकी सारी उष्णता. तिच्यापैकीं बरीच धुराबरोबर निघून जाते. उरलेली इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यानें उचलून रेडिएटरांत नेऊन टाकावी लागते. सपाट रस्त्यावर ताशीं ९० किलोमीटर वेगानें जाण्यास अशा गाडीला वीसएक अश्वशक्ति पुरते. धांवपट्टीच्या सरळ भागावर तीच गाडी तीनशे अश्वशक्ति मागते, आणि तीही फेऱ्यामागून फेरा. चार माणसांच्या घरची मोरी लग्नाच्या पंगतीचीं भांडीं घासूं लागतांच तुंबावी, तशी रस्त्यापुरत्या बसविलेल्या रेडिएटरची गत होते.

गाडी केव्हां तापते हें पाहून रोगाचें ठिकाण ओळखतां येतें. शहराच्या गर्दींत मुंगीच्या पावलानें चालतांना ती तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होत असेल, तर दोष पंख्याकडे आहे. पंख्याभोंवतीं पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा घेर नसेल, तर पंखा आपल्या पात्यांपुढच्या वर्तुळांतूनच हवा ओढतो आणि रेडिएटरचे कोपरे कोरडेच राहतात. ह्याच्या उलट, गर्दींत थंड असणारी गाडी जर वेगांत तापत असेल, तर पंखा बदलून कांहीं उपयोग नाहीं, कारण त्या वेगांत वारा पंख्याहून अधिक काम करतो. तेथें रेडिएटरची शक्ति अपुरी असते, किंवा समोरून आलेली हवा त्याच्या जाळींतून न जातां बाजूच्या फटींतून पळून जाते, किंवा पंपाकडे पाणी नेणारी खालची रबरी नळी जुनी होऊन इंजिनाच्या जोराच्या ओढीसरशी चपटी होते. फटी बुजविण्यास थोडे पैसे पुरतात. पुष्कळदां तेवढ्यानेंच अर्धा रोग बरा होतो.

नवा रेडिएटर घेणारे बहुधा अ‍ॅल्युमिनिअमचा घेतात. तांबें उष्णता अधिक चांगली वाहून नेतें हें खरें. परंतु जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरांत नळ्या अरुंद असत आणि त्यांचे सांधे डाखाचे असत. अ‍ॅल्युमिनिअमच्या हलक्या बांधणींत नळ्या रुंद ठेवतां येतात आणि त्यांचा पंखांशीं अधिक स्पर्श होतो. त्यावरील झांकणाचें महत्त्वही कमी नाहीं. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकर ज्या नियमानें चालतो त्याच नियमानें हें झांकण काम करतें: चौरस इंचास १५ पौंडांचा जादा दाब ठेवला म्हणजे पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. म्हणूनच तापलेल्या गाडीचें झांकण उघडणें म्हणजे शिट्टी न काढतां कुकर उघडण्यासारखें आहे. उकळत्या पाण्याचा फवारा थेट तोंडावर येतो.

थर्मोस्टॅट काढून टाकला कीं इंजिन थंड राहतें, असा एक समज फार दिवसांचा आहे. वस्तुतः थर्मोस्टॅट हा द्वारपाल आहे. पाणी ठराविक तापाला पोहोंचलें कीं तो दार उघडतो. रेडिएटरची शक्ति वाढविणें त्याच्या हातीं नाहीं. तो काढल्यानें रस्त्यावर इंजिन फार वेळ थंड राहतें, तेल जाड राहतें आणि झीज मात्र वाढते. पाण्यांत मिसळावयाच्या ग्लायकॉलचीही अशीच दुहेरी कथा आहे. थंडींत पाणी गोठून इंजिन फुटूं नये म्हणून रस्त्यावर तें हवेंच; परंतु तें निव्वळ पाण्याहून कमी उष्णता वाहून नेतें आणि धांवपट्टीवर सांडलें तर मागून येणाऱ्यांची चाकें घसरतात. म्हणून अनेक धांवपट्ट्यांवर त्याला बंदी असते. तेथें पाण्यांत गंज रोखणारें औषध घालून काम भागवितात, आणि हिवाळ्यापूर्वीं पुन्हां ग्लायकॉल भरतात. शिवाय इंजिनाच्या तेलालाही स्वतःचा लहान रेडिएटर द्यावा लागतो, कारण पाणी ज्या भागांपर्यंत पोहोंचत नाहीं तेथील उष्णता तेलच उचलतें.

आतां ब्रेककडे वळूं. इंजिन तापलें तर गाडी थांबते. ब्रेक तापला तर गाडी थांबत नाहीं. ब्रेकचें काम म्हणजे गतीची उष्णता करणें. वेग दुप्पट झाला कीं ही ऊर्जा चौपट होते. १,६०० किलो वजनाची गाडी ताशीं २०० किलोमीटरांवरून ८० वर आणली, तर जी उष्णता निघते तिनें साडेसहा लिटर साधें पाणी उकळण्याच्या टोंकाला पोहोंचेल. चुलीवर ह्या कामाला चांगला अर्धा तास लागावा. ब्रेकला तें चार सेकंदांच्या आंतबाहेर करावें लागतें, आणि पुढच्या वळणावर पुन्हां. बोरघाट उतरणाऱ्या अवजड मालमोटारीच्या चाकांतून येणारा जळका वास ज्यांनीं घेतला आहे त्यांना ह्या उष्णतेची ओळख आहे. घाटांत शहाणा चालक खालचा गिअर टाकून इंजिनाकडून गति रोखून धरतो, तो ह्याच कारणानें.

ड्रम ब्रेक येथें कां फसतो हें बैलगाडीच्या चाकावरून समजेल. लोखंडी धांव चढवितांना लोहार ती तापवितो. तापल्यानें ती रुंदावते आणि लाकडी चाकावर सहज बसते. ब्रेकचा ड्रमही तापला कीं असाच रुंदावतो. त्याला आंतून दाबणाऱ्या पट्ट्यांपासून तो दूर सरकतो, आणि पायाखालचा दांडा अधिकाधिक खोल जाऊं लागतो. शिवाय त्या बंद डब्यांतून उष्णतेला बाहेर पडण्यास वाट नसते. डिस्क ही उघड्या हवेंत फिरणारी तबकडी. ती तापून फुगली तर दोन्ही बाजूंच्या पॅडांच्या जवळच येते. १९५३ सालीं फ्रान्सांतील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार कंपनीच्या गाडीनें डनलॉपच्या डिस्क ब्रेकांच्या बळावर जिंकली, तेव्हां हा फरक साऱ्या जगानें पाहिला.

परंतु मोठी डिस्क बसविल्यानें गाडी कमी अंतरांत थांबते, ही समजूत अर्धीच खरी. जुना ड्रमही थंड असतांना एकदां चाक जखडूं शकतो, आणि चाक जखडल्यावर पुढची गोष्ट टायर व रस्ता ह्यांच्यांतली. मोठ्या, जाड, आंतून पोकळ डिस्कचा गुण असा कीं, जें काम पहिल्या खेपेस झालें तेंच विसाव्या खेपेसही होतें. पोकळ डिस्क फिरतांना मधून हवा ओढून कडेनें फेंकते. म्हणून गाडीच्या नाकाडापासून रबरी नळीनें आणलेला वारा डिस्कच्या मध्यभागींच सोडावा, केवळ बाहेरच्या अंगावर नव्हे.

धांवपट्टीवर ब्रेक दोन रीतींनीं दगा देतात आणि दोहोंचीं लक्षणें निराळीं आहेत. पायाखालचा दांडा घट्ट लागतो पण गाडी थांबत नाहीं, तेव्हां पॅडें आपल्या सहनशक्तीपलीकडे तापलीं असें समजावें. दांडा मऊ होऊन थेट तळाला जातो, तेव्हां ब्रेकमधील द्रव उकळला. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतों तो द्रव दाबला जात नाहीं, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोहोंचतो. पण त्याची वाफ दाबली जाते, आणि सगळा जोर तिच्यांतच जिरतो. सरळ भागाच्या टोंकाशीं, वळण समोर असतांना, हा अनुभव येणें म्हणजे प्राणाशीं गांठ आहे. पावसाळ्यांत बरणींतलें मीठ हवेंतील ओल ओढून घेतें तसा हा द्रवही ओढतो. अमेरिकन सरकारच्या प्रमाणाप्रमाणें ‘डॉट ४’ जातीचा ताजा द्रव निदान २३० अंशांपर्यंत उकळतां कामा नये. ओल शिरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. ‘डॉट ३’ साठीं हेच आंकडे २०५ आणि १४० आहेत. म्हणून धांवपट्टीवर जाण्यापूर्वीं ताजा द्रव भरणें हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा उपाय होय. त्यानंतर पॅडें, मग वारा, आणि मोठ्या डिस्का त्याहून नंतर.

येथेंही रस्त्याचें आणि धांवपट्टीचें पटत नाहीं. शर्यतीचें पॅड पांचशे अंशांवरही आपलें काम करतें, परंतु सकाळीं घरून निघतांना थंड असलेलें तेंच पॅड पहिल्या चौकांत नीट धरीत नाहीं. रस्त्यावरच्या माणसाला दुसरी संधि मिळत नसते. ज्यांना एकच गाडी दोन्हीकडे न्यावयाची आहे त्यांनीं पॅडांचे दोन संच ठेवणें आणि धांवपट्टीवर गेल्यावर बदलणें उत्तम. आणखी एक दक्षता अशी कीं, पुढें डिस्क आणि मागें ड्रम असतां दोहोंमधील जोराची वांटणी नीट करावी. ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढें झुकतो. मागचीं हलकीं झालेलीं चाकें आधीं जखडलीं तर गाडी भोंवऱ्यासारखी फिरते.

राहतां राहिला टायर. इंजिनाची शक्ति, ब्रेकचा जोर आणि वळणाचा ताण हे तिन्ही शेवटीं रबराच्या चार ठिगळांतून रस्त्याला पोहोंचतात, आणि प्रत्येक ठिगळ तळहाताहून थोडेंच मोठें असतें. त्या ठिगळाजवळ पकडीची ठराविक पुंजी असते. ती सगळी ब्रेकवर खर्चली तर वळण्यास कांहीं उरत नाहीं. १९६०–७० च्या अमेरिकन गाड्यांचे टायर बहुतेक आडव्या-तिरप्या धाग्यांच्या जुन्या बांधणीचे असत. मिशेलिन कंपनीनें १९४६ सालींच रेडिअल टायरचा हक्क नोंदविला होता. परंतु अमेरिकन गाडीवर तो मूळचाच येण्यास १९७० ची लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क तीन उजाडावी लागली. आज जुन्या गाडीला चांगला रेडिअल टायर घालणें ही तिच्या वागण्यांत सर्वांत मोठा पालट घडविणारी सुधारणा आहे. आणखी असें कीं, मूळच्या चौदा इंची चाकांत मोठी डिस्क मावत नाहीं. त्यामुळें ब्रेकचा प्रश्न टायरच्या प्रश्नाशीं जोडलेलाच असतो.

टायर निवडतांना दोन आंकडे वाचावे. अमेरिकन बाजारांतील टायरच्या कडेवर झिजेचा एक अंक असतो. तो जितका लहान तितकें रबर सामान्यतः मऊ, चिकट आणि अल्पायुषी. रस्ता व धांवपट्टी ह्या दोहोंसाठीं पुष्कळ जण २०० च्या आसपासचा टायर पसंत करतात. दुसरा अंक चार आंकड्यांचा, तयार झाल्याच्या तारखेचा: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हौसेची गाडी वर्षांतून थोडीच फिरते, म्हणून तिच्या टायरवरील नक्षी नवी दिसते. पण रबर वयानें टणक झालेलें असतें. असा सुंदर दिसणारा म्हातारा टायर उघड झिजलेल्या टायरहूनही फसवा. हवेचा दाबही तापाबरोबर चढतो. टायर ४० अंशांनीं तापला तर दाब चौरस इंचास सुमारें सहा पौंडांनीं वाढतो. म्हणून धांवपट्टीवर दाब गरम असतांना पाहून हवा काढतात. आणि घरीं परततांना टायर थंड झाल्यावर ती पुन्हां भरावी लागते, हें विसरतां कामा नये.

येथवर तिघांचा विचार वेगवेगळा केला. खरी गोम त्यांच्या नात्यांत आहे. चिकट टायर घातले कीं चालक वळणापूर्वीं उशिरां आणि जोरानें ब्रेक दाबतो; ब्रेकची उष्णता वाढते. वळणांतून बाहेर पडण्याचा वेग वाढतो, म्हणून सरळ भागावर इंजिनाला अधिक वेळ पूर्ण शक्ति द्यावी लागते, पाणी तापतें. त्याच टायरांमुळें लांब वळणांत इंजिनाखालील तेल एका कडेला जाऊन उभें राहतें, पंपाच्या तोंडाला हवा लागते आणि क्षणभर तेलावांचून फिरलेलें इंजिन आपलीं बेअरिंगें जाळून घेतें. तेलाच्या भांड्यांत आडपडदे घातल्यावांचून चिकट टायर घालणें म्हणजे चाकाच्या सुधारणेनें इंजिनाचा घात करणें आहे. एक सांखळी ओढली कीं सगळा रहाट हलतो.

म्हणून ह्या कामाला क्रम आहे. आधीं जुन्याची डागडुजी: नळ्या, पट्टे, चाकांचीं बेअरिंगें, स्टीअरिंगचे सांधे. मग ताजा ब्रेक-द्रव आणि योग्य पॅडें. मग हवेच्या वाटा आणि रेडिएटर. मग टायर, आणि त्यांच्या मागून त्यांना साजेसे मोठे ब्रेक व तेलाची व्यवस्था. अधिक अश्वशक्तीचा विचार सर्वांत शेवटीं. हौशी माणूस बहुधा नेमका उलट क्रम धरतो, कारण शक्ति ऐकूं येते आणि थंडावा ऐकूं येत नाहीं.

धांवपट्टीवर शेवटचा फेरा नेहमीं सावकाश, शक्य तों ब्रेक न लावतां काढतात. गाडी थांबल्यावर डिस्का तप्त असतांना हातब्रेक ओढून ठेवीत नाहींत, कारण पॅडाखालचा भाग तेवढाच तप्त राहून डिस्क बिघडते. बाहेरून पाहणाऱ्याला हा फेरा फुकट गेलासा वाटतो. पण त्या फेऱ्यांत वारा डिस्कांतून, टायरवरून आणि रेडिएटरच्या जाळींतून वाहत असतो, आणि वीस मिनिटांत सांचलेलें उष्णतेचें ऋण गाडी हप्त्याहप्त्यानें फेडीत असते. ज्याला हा फेरा सावकाश काढतां येतो, त्याच्या हातीं तीनशे अश्वशक्ति देण्यास हरकत नाहीं.